कुंवरानं सांगावं की नाय

दर रविवारी सकाळी दहाला लताबाईच्या ओट्यावर रक्त पिणारं भूत यायचं, आणि आम्ही सगळे हातात सुईदोरा घेऊन त्याची वाट बघत बसायचो. हसू नका. शहाऐंशी साल होतं. नाशिकजवळ मखमलाबादच्या अंगाला आमच्या मळ्यांच्या वस्तीवर एकच टीव्ही, तोही काळा-पांढरा, लताबाईच्या घरचा. घरात माणसं मावेनात म्हणून तिचा नवरा सावळीराम तो टेबलासकट उचलून दारात आणून ठेवायचा. पहाटे फुलं खुडायची, मार्केटला पोचवायची, घरी येऊन भाकरतुकडा खायचा आणि उरलेल्या फुलांच्या करंड्या घेऊन लताबाईचा ओटा गाठायचा. देवळांचे हार तिथंच ओवले जायचे. डोळे टीव्हीकडं आणि हात हारावर, अशी सवयच झाली होती.

मालिका हिंदी होती. डोंगरातल्या एका कोठीत कुंवर राहायचा. मरून शंभर वर्षं झाली तरी मेलेला नाय, आरशात दिसायचा नाय, आणि रक्ताशिवाय जगायचा नाय. पण स्वभावानं गरीब. गावातल्या मास्तराच्या पोरीवर त्याचा जीव जडला, लग्न ठरलं, आणि आपण कोण हे तिला सांगावं की नाय, यावर गाडं अडून बसलं. त्याची म्हातारी आई, राणी, त्याला बजावायची की फेरे होईपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाय. दर रविवारी तो सांगायला जायचा आणि दर रविवारी न सांगता परत यायचा. वस्तीनं त्यापायी डोकं उठवलं होतं.

माझं नाव गोजरा. नवरा गेल्यावर मी भावाकडं, सहादूकडं राहायला आले. त्याचीही बायको गेलेली, तेव्हा त्याची पोर चिमणा मीच वाढवली. मी तोंडाची फटकळ आणि डोक्यानं गरम, हे वस्तीत पोरंसुद्धा सांगतील. त्या साली चिमणाचं लग्न ठरलं होतं, पलीकडच्या मळ्यातल्या धोंडाबाईच्या केरूशी. माघात तिथी धरली होती. आमच्या घराण्यात साखरपुडा झाला की हळदीपर्यंत नवरानवरीनं एकमेकांशी बोलायचं नाय. आणि वरमाळेचे गुलाब नवऱ्यानं आपल्या हातानं खुडून नवरीच्या दारी पाठवायचे, तिनं ते ओवायचे. पिढ्यान् पिढ्या गुलाब लावणारी माणसं आम्ही, आमच्यात त्याला लय मान.

पण टीव्हीपुढं सगळी वस्ती बसते, तिथं कोण कुणाला अडवणार? केरू खांबाला टेकून गुलाबाच्या देठांचे काटे मोडत बसायचा. चिमणा त्या टोकाला, आणि मधे मी, पहाऱ्याला. एकमेकांशी बोलायचं नसलं तरी कुंवराबद्दल बोलायला बंदी नव्हती, तेवढं दोघंही अधूनमधून बोलायची. मी कानाडोळा करायची.

वाद रंगायचा तो सावळीराममुळं. त्याचं म्हणणं, लग्नाआधी सगळं सांगत बसलं तर जगात एकाचं लग्न व्हायचं नाय. मी घोरतो हे लताला आधी सांगितलं होतं का, नांदतेय ना ती? लताबाई म्हणायची, घोरण्यानं जीव जात नाय म्हणून नांदतेय, रक्त प्यायला असतास तर पहिल्याच पंचमीला माहेरी निघून गेले असते. सगळे हसायचे. हसायची नाय ती विठाबाई. आमच्या वस्तीचे हार विठाबाईच्या हातून पंचवटीतल्या देवळांत जायचे, तेव्हा तिचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. तिचं एकच पालुपद होतं, अशाला ओळखला की वेशीबाहेर काढावा. आपला डाग घेऊन दुसऱ्याच्या घरात शिरणारा माणूस नव्हे, असं ती म्हणाली, तेव्हा केरू पहिल्यांदा आवाज चढवून बोलला.

"त्यानं काय तो आजार मागून घेतला होता?"

सावळीराम म्हणाला, अरे तो भूत हाय, त्याला आजार कसला? केरूनं मान खाली घातली आणि काटे मोडायला लागला. बाकीचे विसरले. माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळायला लागला. सरळ साधं पोरगं, कधी ब्र न काढणारं, ते एका भुतासाठी एवढं का चिडावं? ह्याच्याही पोटात काही तरी असणार, आणि ते लग्नाआधी बाहेर यायला नको असणार. माझ्या चिमणाच्या जन्माचा प्रश्न होता, मी कशाला गप्प बसते.

चौकशी केली तर एक गोष्ट हाती लागली. केरू दर महिन्याला पिंपळगाव बसवंतला जायचा. आता तिथं बाजार कांद्याचा आणि द्राक्षांचा. गुलाबवाल्याचं तिथं काय काम? टेम्पोवाल्या भिमाजीला मी चहा पाजून विचारलं. तो म्हणाला, केरू मार्केटशी उतरतच नाय, पुढं सरकारी दवाखान्याच्या गल्लीशी उतरतो. झालं. दुखणं असतं तर नाशिकला पावलागणिक दवाखाने पडलेत, उठून पिंपळगावला कोण जाईल? म्हणजे तिथं कुणी नर्स धरून ठेवलीय ह्यानं, असा मी निकालच लावला. येत्या रविवारी चारचौघांत ह्याची गचांडी धरायची आणि विचारायचं, असं ठरवून मी पदर खोचूनच ओट्यावर गेले.

कुंवर त्या दिवशी आरशापुढून चालला होता आणि आरसा रिकामा होता. सगळे पडद्याकडं बघत होते. मी मात्र केरूकडंच बघत होते, कधी तोंड उघडू याची वाट बघत. त्याच्या हातातल्या देठाचा एक मोठा काटा त्याच्या करंगळीत शिरला. चांगला खोल शिरला. माझ्याच अंगावर सर्रकन काटा आला. पण केरू हललासुद्धा नाय. रक्त बोटावरून ओघळलं, तळहाताच्या कडेनं खाली आलं, पुढ्यात पडलेल्या चिमणाच्या निशिगंधाच्या हारावर टिपकलं, आणि हा आपला पडद्याकडं टक लावून बसलेला.

मग मला कळलं. नर्स नाय, बाई नाय. असा हात मी लहानपणी पाहिला होता, नांदगावला आजोळी. माझा कोंडाजी मामा विडी ओढायचा. विडी जळत जळत बोटाशी यायची, बोटाचं कातडं जळायचं, आणि वास आला की त्याला कळायचं. महारोग झाला होता त्याला. त्याला ओढ्यापलीकडं झोपडी बांधून दिली होती, भाकरी दगडावर ठेवायची आणि लांबून हाक मारायची. तो तिथंच मेला. केरू पिंपळगावला का जातो तेही मला तिथल्या तिथं उमगलं. नाशिकच्या दवाखान्यात कुणी ओळखीचं भेटेल म्हणून.

राग आला, पोराची कीव आली, आणि सगळ्यांत जास्त भीती वाटली. कारण समोर विठाबाई बसली होती. मागं एका मळ्यातल्या माणसाला हाच रोग निघाला होता. विठाबाईनं त्यांची करंडी दारातून परत लावली, आणि मग कुणीच त्यांच्या फुलांना हात लावीना. मळा विकून ती माणसं पेठकडं डोंगरात निघून गेली. आता नुसतं हे विठाबाईच्या ध्यानात यायचा अवकाश, की केरूचं घर उठलं, आणि त्या घरात सोयरीक केली म्हणून आमचंही.

आणि तेवढ्यात विठाबाईनंच हार उचलला. पांढऱ्या फुलांवर ते लाल ठिपके.

"हे रक्त कुणाचं?"

केरूनं तेव्हा कुठं आपल्या हाताकडं बघितलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. हात लपवावा तर सगळ्यांना दिसेल, न लपवावा तरी दिसेल. विठाबाईची नजर एकेकाच्या हातावरून फिरत त्याच्याकडं निघाली होती.

"माझं हाय," चिमणा म्हणाली. "काटा लागला."

तिनं बोट पुढं केलं. बोटातून रक्त येत होतं. विठाबाई तिच्यावर जी घसरली ती विचारू नका. लग्नाला आलेली पोर, कामात लक्ष नाय, टीव्हीनं येड लावलंय, रक्ताचा हार देवाला चालतो का, मुकाट्यानं दुसरा ओव. चिमणानं ऐकून घेतलं. केरूनं हात धोतराच्या सोग्यात गुंडाळला आणि बैलांना पाणी दाखवायचं निमित्त करून उठून गेला. पण मी चिमणाच्या शेजारी होते. तिच्या पुढ्यात निशिगंधच होता, गुलाब नव्हताच. तिनं पदराखाली हात नेला, हातातली सुई बोटात खुपसली आणि मग बोट वर काढलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

घरी आल्यावर मी दार लावून घेतलं आणि तिला समोर बसवलं. तुला ठाऊक हाय, म्हटलं. कधीपासून?

साखरपुड्यापासून, ती म्हणाली. साखरपुड्याच्या दिवशी तिनं सगळ्यांना चहा दिला. पितळेचे पेले इतके तापले होते की पुरुषांनी ते उपरण्यात धरले. केरू एकटाच उघड्या हातात पेला घेऊन गप्पा मारत बसला, आणि उठला तेव्हा बोटं लाल झाली होती. शाळेत असताना आरोग्य खात्याची बाई चित्रं घेऊन आली होती, तिनं सांगितलेलं चिमणाच्या ध्यानात होतं. बधिर जागा, चटका कळत नाय. तीच बाई हेही म्हणाली होती की आता गोळ्या निघाल्यात, गोळ्या घेतल्या की दुसऱ्याला लागत नाय आणि माणूस बराही होतो. मी कोंडाजी मामाचं नाव काढलं, तर म्हणाली, तुझ्या मामाच्या वेळी गोळ्या कुठं होत्या?

मी म्हटलं, मग एवढं ठाऊक असून तू गप्प का बसलीस? त्याला सरळ विचारायचं. नायतर मी विचारते, आत्ताच्या आत्ता.

"नाय आत्या," ती म्हणाली. "मी विचारलं तर तो हो म्हणंल. ते सांगणं नव्हं. आजाराला मी भीत नाय. पण हळद लागायच्या आत त्यानं आपण होऊन मला सांगितलं नाय, तर मी लग्न मोडणार. जो हे लपवून मला घरात नेईल तो पुढं काय काय लपवील?"

बोलायला बंदी हाय, तो सांगणार कसा, म्हटलं, तर म्हणाली, ते त्याचं त्यानं बघावं. आणि त्यानं सांगितलं तर बाबाला मी सांगीन, माझं मी निस्तरीन, असंही म्हणाली. वर माझा हात आपल्या गळ्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली, की मी केरूला खूणसुद्धा करायची नाय. आता सांगा, माझ्यासारखीनं जिभेला गाठ कशी मारायची? दोन दिवसांनी धोंडाबाई मानपानाचं बोलायला आली. खणाच्या साड्या, वाजंत्री, पंगत, सगळं बोलली. म्हातारे, तुझ्या पोराचं काय ते सांग ना, असं ओठांवर आलं की मी पाणी पीत होते. तांब्या रिकामा झाला. धोंडाबाई जाताना म्हणाली, गोजराबाई, तुम्हाला बरं नाय का? मी म्हटलं, उन्हाळा लागलाय. माघातली थंडी पडली होती.

मालिकेचा शेवटचा भाग आणि हळद एकाच आठवड्यात आली. रविवारी भाग, पुढं दोन दिवसांनी हळद. मधे दोघांची गाठ पडायची वेळ ती एकच. त्या दिवशी लताबाईच्या ओट्यावर मुंगीला जागा नव्हती. केरू आला, नेहमीच्या खांबाला टेकला. करंगळीला चिंधी बांधली होती. रात्रभर झोपला नसावा, डोळे तांबारले होते. चिमणा हार ओवत बसली, मान खाली. मला वाटलं, देवा, हे पोरगं आज नाय बोललं तर संपलं. आणि गंमत बघा, ज्याची गचांडी धरायला मी निघाले होते, त्यानंच तोंड उघडावं म्हणून मी आता देवाला साकडं घालत होते.

कुंवर पायऱ्या उतरून खाली आला. नवरीच्या वेशात मास्तराची पोर उभी. मागं दारात ती राणी, बोटानं गप्प राहायची खूण करणारी. कुंवरानं पोरीकडं बघितलं, ओठ उघडले, मुझे तुमसे कुछ कहना है, एवढं म्हणाला, आणि लाईट गेली.

ओट्यावर जो आरडाओरडा झाला तो गोदेच्या काठापर्यंत गेला असेल. सावळीरामनं वीजवाल्यांच्या सात पिढ्या उद्धारल्या. मग जो तो आपापलं सांगायला लागला. सावळीराम म्हणाला, बोलला नसणार, आईपुढं कोण बोलतं? लताबाई म्हणाली, बोलला असणार, एवढा जवळ येऊन कोण मागं फिरतं? विठाबाई म्हणाली, बोलला असला तर ती पळाली असणार, आणि पळायलाच पाहिजे.

"त्यानं सांगितलं," केरू म्हणाला.

सगळे त्याच्याकडं वळले. तो कुणाकडंच बघत नव्हता. बंद पडलेल्या टीव्हीच्या काचेकडं बघत होता.

"तो म्हणाला, मी कसा हाय ते तुला ठाऊक नाय. ह्या हाताला काही लागलं तरी मला कळत नाय. आईनं शपथ घातली म्हणून आजवर गप्प बसलो, ते चुकलं. उपाय चालू हाय, गुण येतोय. आता सगळं ऐकूनच तू काय ते ठरव. नको म्हणालीस तरी तुझ्यावर राग नाय."

सावळीराम म्हणाला, वा रे गड्या, तुलाच घ्यायला पाहिजे होता टीव्हीत. एकदोघं हसले. पण विठाबाई हसली नाय. तिनं हातातला हार मांडीवर ठेवला.

"रक्त पिणाऱ्याला कसला रे उपाय?" ती म्हणाली. "आणि तुझ्या बोटाला काय झालंय?"

केरू वर बघायला लागला, आणि मला स्पष्ट दिसलं, हा आता खरं सांगणार. एकदा तोंड उघडल्यावर ह्याला थांबता यायचं नाय. शपथ होती ती केरूला खूण न करायची, विठाबाईला गप्प करायला बंदी नव्हती. मी दोन्ही हात तिच्या नाकापुढं पसरले.

म्हटलं, गुलाबवाल्यांची बोटं हायत ती, विठाबाई. माझी बघ. लताची बघ. ह्या वस्तीत एक तरी धड बोट दाखव, मग त्याचं विचार. फुलं देवापुढं तू नेतेस, पण ती खुडताना सोलून निघतो आम्ही. ओट्यावरच्या सगळ्या बायकांनी आपापल्या बोटांकडं बघितलं आणि कुरकुर सुरू केली, खरंच हाय, हातमोजे तरी कोण देतं, अमकं नि तमकं. विठाबाई पुटपुटली, मी आपलं सहज विचारलं. आणि हार पुन्हा उचलला.

लताबाईला मात्र कुंवराचीच काळजी. ती केरूला म्हणाली, बरं, सांगितलं त्यानं. मग ती काय म्हणाली?

केरूला ते सांगता येईना. ते त्याच्या हातात नव्हतंच. लांब कुणाच्या तरी विहिरीवर इंजिन चाललं होतं. चिमणानं ओवत असलेल्या हाराची गाठ मारली, दोरा दातानं तोडला. तिनं केरूकडं बघितलं नाय, हळद अजून लागायची होती. ती माझ्याकडं वळली.

"आत्या, वरमाळेला गुलाब नको. झेंडू पाठवायला सांग. झेंडूला काटा नसतो."

विठाबाई म्हणाली, गुलाबवाल्यांच्या लग्नात झेंडूची वरमाळ? लोक तोंडात शेण घालतील. मी म्हटलं, घालू देत. केरू उठला, करंडी उचलली आणि आमच्याकडं पाठ करून ओट्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. त्याची पाठ हलत होती. सावळीरामला वाटलं, शेवट हुकला म्हणून पोरगं रुसलं.

लाईट आली तेव्हा पडद्यावर नुसती नावं सरकत होती. सगळी वस्ती हळहळली. कुंवर सांगून गेला की न सांगता, ती राहिली की पळाली, कुणालाच कळलं नाय, आणि पुढं कित्येक महिने लोक त्यावर भांडत राहिले. सावळीराम मला म्हणाला, गोजराबाई, तुला काहीच कसं वाटत नाय? मी त्याला म्हटलं, गप बस, हार राहिलेत. आणि सुईत दोरा घालायला गेले, तर डोळ्यांतल्या पाण्यानं तो जाईना. शेवटी चिमणानंच माझ्या हातातून सुई घेतली आणि दोरा घालून दिला.